निम्मं होत जाणारं औषध

उज्वला निलंगा आगारात कंडक्टर होती आणि तिचा नवरा मलप्पा निलंगा ते उदगीर क्रूझर जीप चालवायचा. म्हणजे एसटी आणि एसटीचे प्रवासी पळवणारी गाडी, दोन्ही एकाच घरात नांदत होत्या. सकाळी ती त्याचा डबा भरून द्यायची आणि तासाभरानं स्टँडच्या कोपऱ्यावर तो "उदगीर, उदगीर, बसा लवकर" असा ओरडत उभा दिसला की तोंड फिरवायची. आगारातल्या साहेबांनी तिला एकदा विचारलंच होतं, "बाई, मिस्टरांना जरा समजावून सांगा की."

"साहेब, लग्न झाल्यापासून सांगायलेय," ती म्हणाली होती. "तुम्हीच सांगून बघा."

त्या मंगळवारी मात्र तिनं रजा टाकली होती, मलप्पानं धंदा बंद ठेवला होता आणि पहाटे साडेपाचला जीप दारात उभी होती. नांदेडला जायचं होतं, हृदयाची तपासणी करायला. चौघांच्या हृदयाची.

उज्वलाच्या घराण्यात ते दुखणं पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं. हृदयाच्या भिंतीचा स्नायू वयासोबत जाड होत जायचा आणि जाड झालेल्या स्नायूत कधीकधी व्रण धरायचे. बाहेरून काही दिसायचं नाही. माणूस चांगला खातापिता असायचा आणि एक दिवस बसल्या जागी जायचा. उज्वलाचे वडील बेचाळिसाव्या वर्षी उसाच्या बांधावर गेले. भाऊ राजशेखर एकोणतिसाव्या वर्षी क्रिकेट खेळताना गेला. त्याची मुलगी दीपमाला तेव्हा चार वर्षांची होती. तिला उज्वलानंच वाढवलं.

राजशेखर गेला तेव्हा, तिसऱ्या दिवशी सगळी भावकी बसलेली असताना, चुलतभाऊ महांतेश बोलून गेला होता, "हे दुखणं आपल्या रक्तातलं न्हाई. काकूच्या माहेराकडून आलंय." काकू म्हणजे उज्वलाची आई, भामाबाई. ती समोरच बसली होती. तिनं पदर पुढं ओढला, उठून आत गेली, आणि त्यानंतर जगली ती नऊ वर्षं तिनं कुणाच्या लग्नाचा मांडव पाहिला नाही. उज्वलानं त्या दिवसापासून महांतेशशी बोलणं टाकलं. एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, अठरा वर्षं.

मग दोन वर्षांमागं दीपमाला लातूरला कॉलेजच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली. ती फार्मसी शिकत होती. हृदयाच्या डॉक्टर पुनम मॅडमनी तिला तपासलं, मग एकेका नातेवाइकाला बोलावून रक्त घेतलं, सोनोग्राफी केली आणि कागदावर घराण्याचं झाड काढलं. दुखण्याची रेघ वर वर गेली ती सरळ आजोबांपाशी जाऊन थांबली. भामाबाईच्या माहेराचा त्यात काडीचा संबंध नव्हता. जनुक सापडलं ते उज्वलात, दीपमालात, गुणाआत्यात आणि स्वतः महांतेशमध्ये.

गुणाआत्या म्हणजे उज्वलाच्या वडिलांची सख्खी बहीण, वय बहात्तर. तिनं ते झाड डोळ्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे हे माझ्या अप्पाचं हाय व्हय! आन नाव भामाचं झालं." महांतेश तेव्हा दवाखान्यातल्या पंख्याकडं बघत बसला होता. मग उठला आणि निघून गेला.

आता पुनम मॅडमच्या अभ्यासात या चौघांना नव्या तऱ्हेच्या स्कॅनला बोलावलं होतं. महांतेश येणारच नव्हता. गुणाआत्यानं त्याच्या गॅरेजात जाऊन, उघड्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर ताकाची कळशी ठेवून सांगितलं होतं, "येतोस का न्हाई ते सांग, न्हाईतर हे आत वततेय." तो आला.

तर जीपमध्ये पुढं मलप्पा आणि महांतेश, मधल्या सीटवर उज्वला, दीपमाला आणि गुणाआत्या, आणि मागं गुणाआत्याचे मालक संगप्पा. संगप्पांचं काहीच काम नव्हतं. त्यांचं रक्तसुद्धा घेतलं नव्हतं, कारण ते घराण्याचे जावई. पण हेच त्यांना लागलं होतं.

"पन्नास वर्षं हिच्या हातचं खाल्लं," ते मागून म्हणत होते, "आन माझं रक्त बघाया नको? मी काय रस्त्यावरचा हाव?"

"आज्जोबा, हे खाण्यातून येत न्हाई," दीपमाला म्हणाली.

"मग कशातून येतंय?"

दीपमाला लाजली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मलप्पाला हसू आलं, त्याची जीप जरा डुलली.

सगळे उपाशी होते. नांदेडच्या धम्मप्रियानं फोनवर बजावून सांगितलं होतं की खाऊन या, स्कॅनआधी जे औषध टोचतात त्याला उपाशीपोट लागत नाही. धम्मप्रिया ही स्कॅनच्या विभागातली तंत्रज्ञ, मूळची उमरीची, बोलायला खणखणीत. पण दवाखान्यात जाताना खाऊन जायचं ही गोष्ट संगप्पांना पटली नाही. "पोरगी नवीन असंल. तपासणी म्हटलं की उपाशीच," असा त्यांनी निकाल दिला आणि गुणाआत्यानं बांधलेली धपाट्यांची चवड, शेंगांची चटणी आणि ताकाचा कॅन मागच्या सीटखाली ढकलून त्यावर पाय ठेवून बसले. उदगीर येईतो धपाट्यांचा वास अख्ख्या गाडीत भरला आणि महांतेशची चिडचिड सुरू झाली.

"आत्या," तो पुढं बघूनच म्हणाला, "मागच्यांना सांग, काच लावा. वारं येतंय."

"आत्या," उज्वला म्हणाली, "पुढच्यांना सांग, वारं बरं असतंय. डोकं थंड राहतंय."

"आत्या, त्यांना म्हणावं—"

"ए!" गुणाआत्या कडाडली. "मी काय पोस्टमन हाय? उपाशी हाव मी. आता कुणी मला मधी घातलं तर उतरून चालत जाईन."

देगलूर मागं पडलं आणि गाडी हैदराबाद-नांदेड हमरस्त्याला लागली तेव्हा साडेआठ वाजत होते. इतक्यात उज्वलाचा फोन वाजला. धम्मप्रिया होती.

"ताई, कुठं पोचलात?"

"देगलूरच्या पुढं. वेळेत येतोय, दहाला तिथं."

"तुम्ही याल हो. औषधच येऊन नाही राहिलं."

ते औषध रोज हैदराबादेत तयार होऊन गाडीनं यायचं. त्यातला किरणोत्सारी भाग बाटलीत बसल्या बसल्या विरत जायचा, साधारण पावणेदोन तासांत निम्मा. म्हणून त्याला थांबणं माहीत नव्हतं. आणि आज ती गाडी नायगावच्या अलीकडे रस्त्यात बंद पडली होती. बॉनेटमधून वाफ येत होती. नांदेडहून मेकॅनिक निघेपर्यंत आणि पोचेपर्यंत औषधाचं पाणी झालं असतं.

"तुम्ही तिथूनच माघारी फिरा," धम्मप्रिया म्हणाली. "पुढच्या महिन्यात नवीन तारीख देते."

उज्वलानं फोन छातीशी धरला. तिच्या डोक्यात बावीस वर्षांच्या नोकरीचं वेळापत्रक आपोआप फिरू लागलं. देगलूर, नरसी, नायगाव. हीच वाट. हाच रस्ता. औषधाची गाडी त्यांच्याच पुढं उभी होती.

"अहो," ती मलप्पाला म्हणाली, "रोज माझे पॅसिंजर पळवताव ना? आज पळवा. किती पळवताव ते बघू."

मलप्पानं आरशात बायकोकडं बघितलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी जोरात चालवा म्हटलं नव्हतं. त्यानं बाही वर सारली.

पुढची पंचवीस मिनिटं उज्वलाला नंतर नीट आठवली नाहीत. संगप्पा मोठ्यानं शिवनाम घेत होते. दीपमाला खदखदून हसत होती. वळणावर ताकाच्या कॅनचं झाकण उडालं आणि संगप्पांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, तरी नामात खंड पडला नाही. उज्वलाच्या पोटात लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर यायची तशी गुदगुली येत होती.

नायगावच्या अलीकडे बाभळीखाली पांढरी व्हॅन उभी होती. बॉनेट उघडं, खाली पाण्याचं थारोळं. ड्रायव्हर यूसुफ डोक्याला हात लावून मैलाच्या दगडावर बसला होता. एवढी माणसं धावत येताना बघून तो उठून व्हॅनच्या मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"डब्बे को हाथ नक्को लगाना, अम्मा," तो गुणाआत्याला म्हणाला, कारण ती सगळ्यांत पुढं होती. "कागज पे इसीच गाडी का नंबर है. डब्बा दुसरी गाडी में नहीं जाता. कायदा है."

"डब्बा ठेव तुझा," गुणाआत्या म्हणाली. "गाडी दाखव."

उज्वलानं वाकून बॉनेटमध्ये पाहिलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण ज्याला कळत होतं तो चार पावलं मागं, हात खिशात घालून उभा होता, आणि त्याला सांगायला मध्ये कुणी नव्हतं. आत्या यूसुफशी बोलत होती. घड्याळ नऊच्या पुढं सरकत होतं.

"म्हांतेश!" ती ओरडली. "बघत काय बसलास? पाना घे!"

महांतेश दचकला. अठरा वर्षांनी तिनं थेट त्याला म्हटलेलं ते पहिलं वाक्य. पण आवाज असा होता की हात आधी हलले आणि डोक्यात नंतर शिरलं. तो वाकला, रेडिएटरच्या वरच्या पाइपला बोट लावलं आणि म्हणाला, "अक्का, पाइप तोंडापाशी फाटलाय. वरचा तेवढा तुकडा कापून परत बसवतो. पण क्लिपाचा आटा गेलाय. तार लागंल."

"तार!" उज्वलानं मलप्पाला फर्मावलं. मलप्पानं टपावरच्या कॅरियरची बांधायची तार सोडून आणली. दीपमालानं मोबाइलचा उजेड धरला. इंजिन थंड व्हायला पंधरा मिनिटं जाणार होती. तेवढ्यात यूसुफ नायगावातून पाणी आणायला निघाला होता, पण त्याची गरजच पडली नाही, कारण जीपमध्ये वीस लिटरचा जार होता. संगप्पांना मात्र काहीतरी द्यायचंच होतं.

"ताक घालायचं का? थंड असतंय."

"मामा!" उज्वला आणि महांतेश एकदमच ओरडले, आणि दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि उज्वलाला हसू फुटलं. ते हसू साधं नव्हतं. पहाटेपासूनची भूक, मलप्पाचं चालवणं, ताकानं भिजलेलं धोतर आणि अठरा वर्षांचं बोलणं तुंबलेलं, सगळं एकदम वर आलं. ती बाभळीला धरून हसत राहिली. यूसुफला वाटलं बाईंना काही झालं.

"इनको दिल की बीमारी है ना?" त्यानं हळूच विचारलं.

"हौ," मलप्पा आपल्या हिंदीत म्हणाला. "लेकिन ये वो वाली नहीं है."

महांतेशनं पाइप बसवला, तारेला पकडीनं तीन पीळ दिले, पाणी भरलं. व्हॅन चालू झाली. पाणी गळेना. यूसुफनं हात जोडले आणि दोन्ही गाड्या एकामागं एक निघाल्या, पुढं औषध आणि मागं पेशंट. उज्वलानं फोन लावून धम्मप्रियाला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "ताई, मी पेपरमध्ये असलं वाचलं नाही कधी. या. जपून या. मी हिशोब करून ठेवते."

पण नांदेडात शिरताना गर्दी लागली आणि पोचायला अकरा वाजून गेले. धम्मप्रिया दारातच उभी होती. तिनं शिशाच्या जाड भांड्यातली बाटली मोजयंत्रावर ठेवून पाहिली आणि सगळ्यांना एका खोलीत बसवलं.

"ऐका. आधी एक सांगते. एमआरआयला पडलेला व्रण दिसतो. या औषधाचं काम वेगळं हाय. व्रण पाडणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या जिथं जाग्या असतील तिथं हे जाऊन चिकटतं आणि तेवढी जागा चित्रात उजळते. म्हणजे व्रण पुरता व्हायच्या आधीच कळावं, असा हा अभ्यास हाय."

"म्हंजे भाकर करपली का ते काळं बघून कळतंय," गुणाआत्या म्हणाली, "आन हे म्हंजे करपायचा वास."

धम्मप्रिया तिच्याकडं बघत राहिली. "आज्जी, हे मी उद्यापासून सगळ्यांना असंच सांगणार." मग तिचा चेहरा उतरला. "पण औषध आता तिघांपुरतंच उरलंय. मॅडमनी क्रम दिलाय. दीपमाला, आज्जी, उज्वलाताई. महांतेशदादांना काही त्रास नाही, म्हणून ते शेवटी. त्यांना पुन्हा यावं लागंल."

"सोडा मला," महांतेश लगेच म्हणाला. "मला ना धाप, ना चक्कर. ट्रॅक्टरचं हेड एकटा उचलतो म्या. पुन्हाबी यायची गरज न्हाई." त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा उजळला होता. उज्वलाला तो चेहरा ओळखीचा होता. राजशेखरही असाच म्हणायचा.

तेवढ्यात कपडे बदलायला सगळ्यांना आत पाठवलं, आधी ठरल्याप्रमाणं चौघांनाही, कारण चार गाऊन काढून ठेवले होते आणि महांतेशला नको म्हणून सांगायचं राहून गेलं. दीपमाला आणि गुणाआत्याला सुई दिली गेली. त्यांना तासभर शांत पडून राहायचं होतं. उज्वला गाऊन घालून खुर्चीत बसली, हात पुढं केला, धम्मप्रियानं शीर शोधली.

"आता तासभर स्वस्थ, आणि मग यंत्रात वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही. हललात तर चित्र जातं."

आणि समोरचं दार उघडून महांतेश बाहेर आला. सहा फुटांचा माणूस, झुपकेदार मिशा, कोपरापर्यंत ऑइलचे काळे हात, आणि अंगात निळ्या फुलांचा गाऊन, जो गुडघ्याच्या वर कुठंतरी संपत होता. मागच्या नाड्या संगप्पांनी बांधल्या होत्या, त्यातली एक स्वतःच्या ओल्या धोतराला. तो पुढं आला तसे संगप्पाही दारातून मागोमाग ओढले जात आले.

उज्वला हसली. तोंडावर हात ठेवून हसली, डोळे मिटून हसली, खुर्चीच्या कडा धरून हसली. धम्मप्रियानं सुई बाजूला ठेवली. थांबली. पुन्हा उचलली. उज्वला पुन्हा हसली.

"ताई, आवरा ना. मिनिटं चाललीत."

हसू आवरता आलं असतं. दोनदा ते आवरलंही होतं. पण तिसऱ्यांदा तिनं महांतेशच्या गुडघ्यांकडं मुद्दाम पाहिलं आणि पुन्हा सोडून दिलं.

"न्हाई जमायचं बाई," ती डोळे पुसत म्हणाली. "आज माझं अंग थिर राहणार न्हाई. त्याला घे. तो ढिम्म पडून राहतोय, लहानपणापासून तसाच हाय."

धम्मप्रियानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग फोन उचलून लातूरला पुनम मॅडमना लावला, दोन वाक्यं बोलली, ऐकलं, आणि महांतेशकडं वळली. "दादा, बसा. मॅडम हो म्हणाल्या." त्याच्या हातावरचं ऑइल स्पिरिटनं पुसून शीर सापडायला पाच बोळे लागले. सुई जाताना तो उज्वलाकडं बघत होता. तिनं मान वळवून संगप्पांची नाडी सोडायला घेतली.

दुपारी तपासणी आटोपली. अंगात थोडा किरणोत्सार असल्यानं संध्याकाळपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा, असं धम्मप्रियानं सांगितलं. गुणाआत्यानं त्यात आपल्या पदरची भर घातली आणि संगप्पांना म्हणाली, "ऐकलं का? तुम्हीबी लांब बसा." ते परत येताना पुढं मलप्पाशेजारी बसले. धपाटी दवाखान्याच्या बाहेर लिंबाखाली उभ्या उभ्या संपली. यूसुफलाही चार दिली, त्यानं अजून दोन मागून घेतली.

आठ दिवसांनी लातूरला पुनम मॅडमनी चित्रं दाखवली. गुणाआत्याचं हृदय अंधारात होतं. भिंत जाड, पण आत काही पेटलेलं नव्हतं. दीपमालाच्या चित्रात अगदी फिकट उजेड, नजर ठेवण्यापुरता. मग मॅडमनी तिसरं चित्र लावलं. महांतेशच्या हृदयाच्या मधल्या भिंतीत निखारा फुंकावा तशी नारिंगी जागा होती.

"यांच्या एमआरआयमध्ये व्रण जवळजवळ नव्हताच," मॅडम म्हणाल्या. "हा स्कॅन अजून अभ्यासातला आहे. एवढ्यावर मी काही ठरवणार नाही. पण हे पाहून गप्पही बसणार नाही."

आठवडाभर छातीवर यंत्र चिकटवून ठोके नोंदले. त्यात दोन वेळा, तो गाढ झोपेत असताना, हृदय भलत्याच वेगानं धावून आपसूक ताळ्यावर आलेलं दिसलं. त्याला काही कळलंसुद्धा नव्हतं. मग मॅडमनी स्वच्छ सांगितलं की छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं, ठोका बिघडला की ते आतूनच झटका देऊन सरळ करतं. महांतेशनं सगळं ऐकून एकच विचारलं, "वेल्डिंग?"

"वेल्डिंगच्या करंटनं हे यंत्र फसतं. ते आता दुसऱ्या कुणीतरी करायचं."

त्यासाठी तो दोन दिवस रुसून बसला. व्रणासाठी नाही, झटक्यासाठी नाही, वेल्डिंगसाठी. शेवटी उज्वलानं गॅरेजात जाऊन त्याचं वेल्डिंगचं यंत्र मलप्पाच्या जीपमध्ये टाकलं आणि घरी नेलं. यंत्र लातूरलाच बसवलं. ऑपरेशनच्या आधी फॉर्मवर सही करायला ती होती, बाहेर बाकावर मलप्पा आणि संगप्पा होते.

पुढच्या महिन्यात उज्वलाचाही स्कॅन झाला. या वेळी तिनं एसटीनं प्रवास केला, पोटभर खाऊन गेली आणि वीस मिनिटं दगडासारखी पडून राहिली. पडल्या पडल्या तिला तो गाऊन आठवला, पण तिनं दात आवळून धरले. तिच्या चित्रात काही उजळलं नव्हतं. धम्मप्रियानं ते मॅडमच्या आधीच डोळ्यांनी सांगून टाकलं.

आणि श्रावणात एका सकाळी महांतेश ट्रॅक्टरखाली आडवा पडला असताना त्याच्या छातीत बैलानं लाथ हाणावी तसा दणका बसला. आधी त्याला वाटलं जॅक निसटला. मग तो सरकत बाहेर आला, जॅक जागेवर होता, ट्रॅक्टर जागेवर होता, आणि तोही जागेवर होता. त्यानं छातीवर हात ठेवला. मग उठला, मॅडमना फोन केला, त्यांनी ताबडतोब लातूरला बोलावलं. तपासून, यंत्रातली नोंद वाचून त्या म्हणाल्या की यंत्र नसतं तर आज वेगळं झालं असतं. औषध वाढवून त्यांनी दोन दिवसांनी घरी सोडलं.

त्याच्या पुढच्या सोमवारी उज्वलाची गाडी निलंगा स्टँडवर भरून उभी होती. बाजाराचा दिवस, उभं राहायला जागा नाही. महांतेश पुढच्या दारानं चढला. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल. तो ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दांडीला धरून गाडीभर माणसांकडं तोंड करून उभा राहिला.

"बसा की आत, दार आडवू नका," कुणीतरी म्हणालं.

"एक मिनिट," तो म्हणाला. त्यानं आवाज चढवला. "म्या ह्या बाईचा चुलतभाऊ. अठरा वर्षांमागं म्या हिच्या आईचं नाव चारचौघात घेतलं, की घरातलं मरण तिच्या माहेरून आलं. ते खोटं होतं. आमच्याच आज्जाकडून आलं होतं, माझ्याच छातीत होतं, आता तिथं यंत्र बसवलंय. काकू आता न्हाई. चारचौघात बोललो होतो, म्हणून चारचौघात माघारी घ्यायलोय. भामाबाईचा काई दोष नव्हता."

कोंबडी होती एका पिशवीत, तेवढी ओरडली.

उज्वला मागच्या दारापाशी तिकिटांचं यंत्र हातात धरून उभी होती. तिच्या ओठांत हसू आणि डोळ्यांत पाणी दोन्ही एकदम आलं आणि आधी कुणाला वाट द्यावी ते तिला कळेना. "म्हांतेश," ती शेवटी म्हणाली, "तिकीट काढलंस का?"

सगळी गाडी हसली. एका म्हाताऱ्यानं उठून महांतेशला जागा दिली, छातीत यंत्र असलेल्या माणसानं उभं राहू नये म्हणून. दुसऱ्यानं ते यंत्र बाहेरून दिसतं का विचारलं, तर त्यानं शर्टाचं वरचं बटण काढून दाखवलं. मग तिघे-चौघे वाकून बघायला लागले. ड्रायव्हरही आरशातून बघत होता, म्हणून उज्वलानं त्याला दटावलं आणि गाडी निघाली.

तिकिटं फाडत ती पुढं आली तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या बाईनं तिची बाही धरली. चाळिशीची असेल, मांडीवर भाजीचं गाठोडं. कर्नाटकाच्या सीमेकडची वाटत होती.

"अक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "ते तुमचे भाऊ आत्ता बोलले ते खरं हाय का? माझे दोन भाऊ असेच गेले. एक उसाच्या फडात आन एक झोपेत. धाकटा अजून हाय, पण त्याला कुणी लेक देऊन न्हाई राहिलं. लोक म्हणतात, आमच्या आईचा पायगुण."

उज्वलानं यंत्र काखेत धरलं. एक तिकीट उलटं करून त्याच्या कोऱ्या पाठीवर धम्मप्रियाचा नंबर लिहिला, खाली पुनम मॅडमच्या लातूरच्या दवाखान्याचा पत्ता लिहिला, आणि बाईच्या शेजारी जागा करून बसली.

"नाव काय तुमच्या भावाचं?" तिनं विचारलं. "पहिल्यापासून सांगा. अजून तासभर गाडी हाय."